आभार हयात माणसांचे आणि प्रभूमध्ये निजलेल्यांचेही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

नोव्हेंबर जवळ आला की आपल्या दैनिकातील स्मृतिदिनाच्या चौकटी मी एरवीपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचते. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन असल्यामुळे त्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबांच्या चौकटीही वाढतात. छायाचित्र, जन्ममृत्यूच्या तारखा, पवित्र शास्त्रातील एखादे वचन, आणि त्याखाली प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील, कुटुंबवत्सल ही ठरलेली विशेषणे. वरचे नाव आणि छायाचित्र झाकले, तर कोणती चौकट कोणाची हे घरच्यांनाही सांगता येऊ नये इतक्या त्या एकसारख्या असतात. याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही; शोकाच्या घरात शब्द सुचत नाहीत आणि तयार नमुना हाताशी असला की माणूस तोच वापरतो. तरीही एक गोष्ट मांडावीशी वाटते, ती ही की आपल्या माणसांबद्दल देवाचे आभार मानणे ही ख्रिस्ती श्रद्धेतील अगदी पहिल्या पिढीपासूनची प्रार्थना आहे, आणि ती मुळात विशेषणांची प्रार्थना नव्हती. तिच्यात माणसाचे नाव असे, त्याने केलेले काम असे, आणि बहुतेक वेळा तो माणूस ती ऐकायला हजर असे.

पवित्र शास्त्राच्या नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनांत, पहिल्या पिढीतील धर्मप्रचारक प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राची गणना होते. ते साधारणपणे इ. स. ५० च्या आसपासचे मानले जाते. नमस्काराची ओळ संपताच पौल जे पहिले वाक्य लिहितो ते आभाराचे आहे: तुम्हा सर्वांविषयी आम्ही देवाची सतत उपकारस्तुती करतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. विश्वासाने केलेले काम, प्रीतीने केलेले श्रम आणि आशेमुळे आलेली चिकाटी अशा तीन गोष्टी तो वेगवेगळ्या सांगतो, आणि पत्राच्या शेवटी हे सर्व बंधूंना वाचून दाखवा असे प्रभूच्या नावाने बजावतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल आभार मानले, त्यांनी ते जमलेल्या मंडळीत बसून स्वतःच्या कानांनी ऐकले असणार.

कोणी म्हणेल की ही त्या काळच्या पत्रलेखनाची रीत असावी, जसे आपण ‘स. न. वि. वि.’ लिहितो. काही अंशी ते खरे आहे; त्या काळच्या ग्रीक पत्रांतही देवतांचे आभार सुरुवातीला येत असत. पण पौलाने ती रीत डोळे झाकून पाळली नाही, याचा पुरावा त्याच्याच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. तिथे तो इतका संतापलेला होता की आभाराचे वाक्य त्याने गाळलेच, आणि तुम्ही इतक्या लवकर कसे फिरलात याचे मला आश्चर्य वाटते, असे म्हणून थेट विषयाला हात घातला. याउलट करिंथच्या मंडळीत भांडणे होती, तट पडले होते, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळीही श्रीमंत गरिबांना ताटकळत ठेवत होते, आणि या सगळ्याबद्दल पौल त्यांना पुढे खडसावणारच होता. तरीही त्यांच्याविषयी त्याला आधी आभार मानावेसे वाटले. जो माणूस मनात नसेल तेव्हा आभार लिहीत नाही, त्याने लिहिलेल्या आभारांना वजन असते.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उपासनेत फारसा वाचला जात नाही, कारण वरवर पाहता ती नुसती नावांची यादी वाटते. मला मात्र तो अध्याय फार मोलाचा वाटतो. पंचवीसहून अधिक माणसांची नावे त्यात आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नावाला काही ना काही चिकटलेले आहे. फिबी ही पुष्कळांना व स्वतः पौलालाही साहाय्य करणारी. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, आणि त्यांचे आभार मी एकटाच नव्हे तर परराष्ट्रीयांतील, म्हणजे यहुदी नसलेल्यांतील, सर्व मंडळ्या मानतात, असे तो स्पष्ट लिहितो. मरीयेने खूप श्रम केले. आणि मग रूफ नावाच्या कोणा गृहस्थाचा उल्लेख येतो, त्याच्यापाठोपाठ त्याच्या आईचा, जी मलाही आईच झाली असे पौल म्हणतो. या बाईचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. घरदार सोडून देशोदेशी हिंडणाऱ्या या माणसाला तिने कधी, कुठे, कसे सांभाळले, हेही कुठे नोंदलेले नाही. पण जवळपास दोन हजार वर्षांनंतरही तिची आठवण वाचली जाते, कारण तिच्या मुलाला नमस्कार पाठवताना एका माणसाने अर्धे वाक्य जास्त लिहिले.

हयात माणसांचे आभार मानण्यात आपल्याला अडचण येते ती नेमकी इथे. घरच्यांचे आभार काय मानायचे, आभार मानून परके करू नका, असे आपण सहज म्हणून जातो, आणि त्यात तथ्यही आहे. पत्नीने, भावाने, मुलीने केलेल्या गोष्टीचे औपचारिक आभार मानले तर नाते एकदम व्यवहाराचे होते. देणारा अवघडतो, घेणारा ऋणाखाली येतो, आणि मग दोघेही विषय बदलतात. पौलाच्या पद्धतीत ही अडचण सुटते असे मला वाटते. तो त्या माणसाला ‘तुमचा आभारी आहे’ असे क्वचितच म्हणतो. तुमच्याविषयी मी देवाचा आभारी आहे, असे म्हणतो, आणि ते त्या माणसाला कळू देतो. उपकाराचा हिशेब दोघांमध्ये उरत नाही, कारण देणाराही तिथे स्वतःच एक दिलेली देणगी ठरतो. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत आपण अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो, पण ज्या माणसाने ते रांधले तो डोळे मिटून त्याच टेबलाशी बसलेला असताना त्याचे नाव त्या प्रार्थनेत किती घरांत घेतले जाते? नाव घेतले, आणि आज त्याने काय केले ते एका वाक्यात सांगितले, तर त्याला उत्तर द्यावे लागत नाही, लाजावे लागत नाही. फक्त शेवटी ‘आमेन’ म्हणावे लागते.

आणि हे माणूस असेपर्यंतच व्हायला हवे, याविषयी शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रकथनात, एक प्रसंग आहे ज्याचा हा पैलू आपण पुरेसा पाहत नाही. बेथानी येथे एका स्त्रीने अतिशय मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून ते येशूच्या मस्तकावर ओतले, असे शुभवर्तमानकार मार्क सांगतो. तीनशेहून अधिक दीनारांचे तेल वाया घालवले म्हणून जमलेली मंडळी तिच्यावर करवादली. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा जवळजवळ वर्षभराची कमाई तिने एका क्षणात रिती केली होती. त्यावर येशूने, हिने माझ्या उत्तरकार्यासाठी आधीच माझ्या देहाला सुगंध लावला, असे म्हणून तिची बाजू घेतली. आता याच शुभवर्तमानाचा शेवट पाहावा. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, सरल्यावर काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये विकत घेऊन पहाटेच्या पहाटे कबरेकडे गेल्या, पण तिथे देह नव्हताच. त्यांची भक्ती कमी होती असे नाही. उलट, शिष्य पांगलेले असताना त्याच गेल्या. तरीही मार्कच्या वृत्तान्तापुरते बोलायचे तर येशूच्या देहाला लागलेला सुगंध तेवढा एकच, जो तो जिवंत असताना एका बाईने लावला होता आणि ज्याला लोकांनी उधळपट्टी म्हटले होते.

प्रभूमध्ये निजलेल्या, म्हणजे वारलेल्या, माणसांकडे वळले की आपल्या निरनिराळ्या मंडळ्यांत मतभेद सुरू होतात. प्राचीन मंडळ्यांत उपासनेच्या वेळी दोन पानांच्या पाट्यांवरून नावे वाचली जात, आणि त्यांत हयातांचीही असत व मृतांचीही. रोमन कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, आजही हयातांचे आणि मृतांचे स्मरण एकाच प्रार्थनेत होते. २ नोव्हेंबरचा स्मरणदिन फ्रान्समधील क्लूनीच्या मठाचे अधिपती ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सर्वत्र पसरला. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत मृतांच्या स्मरणासाठी काही शनिवार राखून ठेवलेले आहेत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर मात्र मृतांसाठी प्रार्थना करण्याला, त्या वेळी रोमन कॅथलिक मंडळीपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हरकत घेतली. मेलेल्या माणसाचे भवितव्य देवाच्या हाती आहे आणि आपल्या प्रार्थनेने ते बदलत नाही, अशी त्यांची भूमिका होती व आहे. मी स्वतः त्याच परंपरेत वाढले आणि त्या भूमिकेशी माझे भांडण नाही.

पण या भूमिकेचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की मृतांसाठी मागणे थांबवताना पुष्कळ ठिकाणी त्यांच्याबद्दल आभार मानणेही थांबले. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १५४९ च्या पहिल्या पुस्तकात मृतांचे स्मरण होते. १५५२ च्या आवृत्तीत ते काढून टाकले गेले, इतके की मंडळीसाठीच्या त्या प्रार्थनेच्या शीर्षकातच ती पृथ्वीवर लढणाऱ्या मंडळीपुरती, म्हणजे हयातांपुरतीच, असल्याचे नमूद झाले. पुढे १६६२ मध्ये, म्हणजे एकशेदहा वर्षांनी, त्याच प्रार्थनेच्या शेवटी एक वाक्य परत आले: तुझ्यावरील विश्वासात व तुझे भय बाळगून हे जग सोडून गेलेल्या तुझ्या सर्व सेवकांबद्दल आम्ही तुझ्या पवित्र नावाचा धन्यवाद करतो, आणि त्यांच्या चांगल्या उदाहरणांप्रमाणे वागण्याची कृपा आम्हाला दे, असा त्याचा आशय आहे. त्यात मृतांसाठी काहीही मागितलेले नाही. मागणे असेल तर ते स्वतःसाठी. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये आपल्या राज्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी आगमनकाळापूर्वीचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांपूर्वीचा, शेवटचा रविवार मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिला, आणि वर्षभरात गेलेल्यांची नावे त्या दिवशी वाचण्याची प्रथा जर्मन मंडळ्यांत आजही आहे. तात्पर्य, मृतांसाठी प्रार्थना करावी की करू नये यावर आपले एकमत होवो न होवो, त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायला कोणत्याही पंथाच्या शिकवणीची आडकाठी नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी आपण सर्वजण एकत्र उभे राहू शकतो.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई प्रार्थनेसाठी एक वही वापरतात. डावीकडच्या पानांवर ज्यांच्यासाठी मागायचे त्यांची नावे आणि कारणे. उजवीकडे ज्यांच्याबद्दल आभार मानायचे ती. कोणी वारले की डावीकडच्या नावावर काट मारायची नाही, त्याच्यापुढे एक बाण काढायचा आणि तेच नाव समोरच्या पानावर लिहायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. काही नावे मात्र माणूस धडधाकट असताना पहिल्यापासूनच दोन्ही पानांवर आहेत. त्यांना धर्मशास्त्रातले वाद ठाऊक नाहीत असे नाही. चांगले ठाऊक आहेत. पण त्या वहीत जे आहे ते मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा नेमके वाटले.

आता एका गोष्टीविषयी जरा कडक बोलते. आपल्याकडे दफनविधीच्या वेळी किंवा नंतरच्या प्रार्थनासभेत, शोक करणाऱ्यांना ‘रडू नका, देवाचे आभार माना, तो प्रभूजवळ गेला आहे’ असे सांगणारे कोणी ना कोणी असतेच. हेतू चांगला असतो. पण आभार हे अश्रूंवर घालण्याचे झाकण नव्हे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू आधी रडला, आणि धोंड काढल्यावर, लाजर जिवंत होऊन बाहेर येण्याआधी, तो अजून आतच असताना, बापा, तू माझे ऐकलेस म्हणून मी तुझे आभार मानतो, असे म्हणाला. शुभवर्तमानकार योहानाने या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात, काही वचनांच्या अंतराने लिहिल्या आहेत, आणि त्यातली एक दुसरीला खोडून काढते असे त्याला वाटलेले दिसत नाही. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरले तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याच्यासाठी मोठा शोक केला, असे नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. त्यांना भक्तिमान म्हणताना लेखकाचा हात अडखळला नाही. आशा नसलेल्या इतरांसारखा तुम्ही शोक करू नये, असे पौल म्हणतो, तेव्हाही तो शोकच करू नका असे म्हणत नाही.

धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांची मुलगी माग्दालेना १५४२ च्या सप्टेंबरमध्ये तेराव्या वर्षी वारली. त्यानंतर आपल्या एका सहकाऱ्याला पाठवलेल्या पत्रात त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा की, तिच्या या सुखरूप जाण्याबद्दल मी आणि माझ्या पत्नीने खरे तर आनंदाने केवळ आभारच मानायला हवेत, पण मायेचा जोर इतका आहे की हुंदके दिल्याशिवाय ते आम्हाला जमत नाही. पुनरुत्थानावर आयुष्यभर प्रवचने केलेला हा माणूस. त्याला जे जमले नाही ते आठवड्याभरापूर्वी विधवा झालेल्या बाईला जमावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डिट्रिश बोनहोफर यांनी १९४३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून लिहिलेले एक पत्र या संदर्भात अनेकदा सांगितले जाते. प्रिय माणसाच्या नसण्याने पडलेली पोकळी देव भरून काढतो असे म्हणणे बरोबर नाही, तो ती रिकामीच ठेवतो आणि त्यामुळेच आपले नाते टिकून राहते. आठवणी जितक्या सुंदर तितकी ताटातूट कठीण, पण कृतज्ञता त्या आठवणींच्या यातनेचे शांत आनंदात रूपांतर करते, असे काहीसे त्यांनी लिहिले. दफनविधीत हे विचार वाचले जातात आणि तिथे ते शोभतातही. पण ते पत्र कोणाच्या मृत्यूवर लिहिलेले नाही. ते त्यांनी आपल्या जिवलग मित्राला आणि त्याच्याशी विवाह झालेल्या आपल्या भाचीला लिहिले होते. दोघेही हयात होते, आणि ताटातूट होती ती युद्धाची व तुरुंगाची. सव्वा वर्षाने, ९ एप्रिल १९४५ रोजी, बोनहोफर यांना फाशी देण्यात आली. दूर असलेल्या जिवंत माणसांसाठी लिहिलेले शब्द गेलेल्यांसाठीही तसेच्या तसे लागू पडतात, यात मला काहीच नवल वाटत नाही. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी माणूस देवाच्याच हाती सोपवलेला असतो. नवल याचे वाटते की आपण ते फक्त शवपेटीपाशीच आठवतो.

आभार खरे असायचे तर ते खोटे सोन्याचे पाणी चढवलेले नसावेत, हाही मुद्दा इथेच घेते. प्राचीन मंडळीतील धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीन यांची आई मोनिका इ. स. ३८७ मध्ये इटलीतील ओस्तिया येथे वारली. आपल्या आत्मकथनात तिच्याविषयी लिहिताना ते आरंभीच सांगतात की मी तिच्या देणग्या सांगत नाही, देवा, तू तिला दिलेल्या देणग्या सांगतो. आणि मग तिचे गुण सांगता सांगता, लहानपणी तिला पिंपातून चोरून मद्य प्यायची सवय कशी लागली आणि एका दासीने टोचून बोलल्यावर ती कशी सुटली, हेही ते लिहून जातात. तिच्या मृत्यूनंतर ते तिच्या पापांची क्षमा मागतात. आईच्या थोरवीला त्यामुळे बाधा येईल ही भीती त्यांना वाटली नाही, कारण ते तिची थोरवी गातच नव्हते. ते देवाला एका खऱ्या बाईची हकीकत सांगत होते. मोनिकेला पूर्वी आपल्या पतीशेजारी पुरले जाण्याची फार इच्छा होती, पण शेवटी तिने, हा देह कुठेही ठेवा, मी एवढेच मागते की जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, असे मुलांना सांगितले.

ज्यांना आपल्याच माणसांकडून मार, अपमान किंवा त्याहून वाईट काही मिळाले, त्यांच्यावर आभाराची सक्ती कोणी करू नये, हे यातूनच निघते. पवित्र शास्त्रात आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे. त्यांच्याविषयी खोटे बोलण्याची नाही. एखाद्याला आपल्या वडिलांबद्दल देवाचे आभार मानण्यासारखे एकच काही सापडत असेल, तर त्याने तेवढ्या एकाच गोष्टीचे मानावेत, आणि सापडत नसेल तर त्या काळात ज्या मावशीने, शेजाऱ्याने किंवा शिक्षिकेने त्याला जवळ केले तिच्याबद्दल मानावेत. रूफच्या आईसारखी माणसे त्यासाठीच असतात.

पुन्हा त्या चौकटींकडे आणि प्रार्थनासभांकडे येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस वारल्याची हकीकत आहे. येशूचा शिष्य पेत्र आला तेव्हा माडीवरच्या खोलीत सगळ्या विधवा रडत उभ्या होत्या, आणि दुर्कस आपल्यात असताना तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवत होत्या. ती किती प्रेमळ होती हे कोणी सांगितल्याची नोंद नाही. त्यांनी कपडे दाखवले. शिवण हातात धरून दाखवता येत होती. त्यापुढे दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

असेच काहीसे मी एका प्रार्थनासभेत पाहिले. गेलेले गृहस्थ अनेक वर्षे उपासनेत वाद्य वाजवत असत. ठरलेले वक्ते बोलून गेले, सर्वांनी त्यांच्या समर्पित सेवेचा गौरव केला, आणि सभा संपत आली असताना यादीत नाव नसलेला एक तरुण उठला. त्याच्या हातात एक जुनी संगीताची वही होती. कोणत्या स्वराला कोणते बोट, हे त्या गृहस्थांनी त्याच्यासाठी ओळीओळीखाली पेन्सिलीने आकडे घालून लिहिले होते, आणि जिथे तो हमखास चुकत असे तिथे समासात ‘घाई नको’ असे लिहून ठेवले होते. त्याने ते पान उघडून समोरच्या रांगेला दाखवले, ‘प्रभू, यांच्याबद्दल तुझे आभार’ एवढेच म्हणाला आणि खाली बसला. त्यांच्या पत्नीने ती वही मागून घेतली आणि सभा संपेपर्यंत ते अक्षर ती न्याहाळत राहिली. आधीच्या भाषणांतले एकही वाक्य आज मला आठवत नाही.

माझी पाळकांना आणि धर्मगुरूंना विनंती आहे की येत्या नोव्हेंबरमध्ये नावे वाचताना कुटुंबीयांकडून प्रत्येक नावासोबत एक ओळ मागून घ्यावी, जिच्यात विशेषण नसेल, केलेली एक गोष्ट असेल. वेळ वाढेल, हे मान्य आहे. मग त्या दिवशीचे प्रवचन थोडे आखडते घ्यावे. त्याच उपासनेत, किंवा फार तर पुढच्या रविवारी, समोर बसलेल्या हयात माणसांपैकी काहींची नावेही अशाच एकेका ओळीसह आभारप्रार्थनेत घ्यावीत. अध्यक्ष आणि चिटणीस यांचे आभार वार्षिक सभेत मानले जातातच. इथे खुर्च्या मांडणाऱ्याचे, आजाऱ्यांना भेटणारीचे, दर रविवारी कोणा अंध माणसाला हात धरून आणणाऱ्या मुलाचे नाव यावे.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक छोटी मागणी आहे. स्मृतिदिनाच्या चौकटीसाठी आपला जाहिरात विभाग कुटुंबांना जो नमुना देतो, त्यात वचनाच्या खाली एक मोकळी ओळ ठेवून तिच्यापुढे ‘त्यांनी केलेली एक गोष्ट’ एवढे छापता येईल का? ती रिकामी ठेवायची मुभा असावी. याखेरीज, मृतांसाठी जशी जागा असते तशी आठवड्यातून एकदा हयात माणसांबद्दल आभार मानणाऱ्या चार ओळींसाठीही आपल्या दैनिकात कोपरा मिळाला, तर त्यासाठी पहिला मजकूर मी पाठवीन. तो माझ्या थोरल्या बहिणीविषयी आहे. ती आपलेच दैनिक घेते, आणि अजून चष्म्याशिवाय वाचते.

कळावे.

आपली नम्र,
एक ख्रिस्ती वाचक